पहिलीला शिलाई मशीन, दुसऱ्याला क्यू

जिच्यावर अन्याय झाला तिचं नाव प्रणाली. वय तेव्हा पंधरा, राहणार घाटकोपर पश्चिम, डोंगरावरची वस्ती. अन्याय झाला तो गेल्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, मुलुंडच्या एका पूल हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत आणि टाळ्यांच्या कडकडाटात. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण माइकवरच्या माणसाला 'आटप आता' म्हणून मी मनगटावरचं घड्याळ दाखवलं होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बरीच चिडणार आहे, तेव्हा तुम्ही मला उगाच साळसूद समजू नये.

नाव तिला विचारून लिहिलंय. ती म्हणाली, "लिही ना ताई. फक्त 'बिचारी' लिहू नको."

पूल म्हणजे पोहायचा नव्हे. हिरव्या कापडाचं टेबल, सहा खिसे, रंगीत बॉल आणि ते मारायची लांब लाकडी काठी. त्या काठीला क्यू म्हणतात. माझ्या आईला अजूनही वाटतं की त्या मे महिन्यात मी वस्तीतल्या पोरांना पोहायला नेत होते.

पण प्रणालीचं सांगायचं तर मार्करांचं सांगावं लागतं.

मार्कर हे नाव नव्हे, हुद्दा. शहरातल्या एका जुन्या जिमखान्याच्या बिलियर्ड्सच्या खोलीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. मेंबर लोक खेळायचे, हे गुण मोजायचे, टेबलाच्या कापडाला ब्रश मारायचे, क्यूच्या टोकाला चामड्याची टिप चिकटवून द्यायचे. मूळ मालवणकडचे, वडील गिरणीत. निवृत्त झाल्यावर मुलुंडच्या लहान कारखान्यांच्या गल्लीत, जिथे पूर्वी पावडर कोटिंग चालायचं अशा गाळ्यात कुणीतरी चार टेबलांचा पूल हॉल काढला आणि हे तिथे जाऊन उभे राहिले. नोकरीवर कुणी ठेवलं, ठेवलं की नाही, कुणालाच नीट माहीत नव्हतं. खरं नाव विचारलं की म्हणायचे, "मार्कर पुरे."

उभे राहिले हे मी शब्दशः म्हणतेय. बसलेले मी त्यांना फार कमी पाहिले. हात पाठीमागे, पाय जुळलेले, पांढऱ्या शर्टाचा खिसा खडूने कायमचा निळा. समोर खेळ चालू असो नसो, ते टेबलापासून दोन पावलांवर. घरात कसे वागत असतील याचा मी पुष्कळ विचार केलाय. बायको वारली होती. मुलगा पनवेलला. टीव्हीसमोरही ते असेच उभे राहत असणार.

कुठलीही सरळ वस्तू दिसली की ते ती टेबलावर गडगडवून बघायचे. क्यू सरळ आहे की वाकडा हे असंच बघतात. वाकडा असेल तर तो लंगडत जातो. पण हे गृहस्थ पेन गडगडवायचे, उदबत्ती गडगडवायचे, चहावाल्याच्या बायकोचं लाटणं गडगडवायचे. मी आमच्या युवा संघटनेकडून पहिल्यांदा त्या हॉलमध्ये गेले तेव्हा हातात झेंड्याची काठी होती. मोर्चावरून आले होते. म्हातारा पुढे आला, काठी घेतली, टेबलावर ठेवली, ढकलली. काठी दोनदा उसळली आणि टेबलाच्या कडेच्या कुशनला लागून थांबली.

"संघटनेची काठी वाकडी आसा गो," ते म्हणाले. "बदलून घे."

मी तापट. म्हटलं, "काका, काठीचं सोडा. मैदानं बिल्डरांनी खाल्ली, पोरांना खेळायला जागा नाही, निदान तुमची टेबलं सुट्टीत द्याल का ते सांगा."

"देतंय की. टेबलाक काय, कापड घासता तेवढाच." आणि मग तेवढ्याच गंभीरपणे, "पण काठी बदल."

दुसरी खोड जास्त विचित्र. समोरचा माणूस काही नाजूक काम करत असला, की मार्कर बोलता बोलता गप्प व्हायचे. जिमखान्यातली सवय. मेंबर नेम धरून वाकला की खोलीत आवाज काढायचा नाही. सदतीस वर्षं हेच केल्यावर ते अंगात मुरलं. चहावाला उंचावरून चहा ओतायला लागला की यांचं वाक्य अर्ध्यात थांबायचं, चहा ग्लासात पडला की पुढचा शब्द. कुणी सुईत दोरा ओवत असेल, कुणी मोबाईलवर ओटीपी टाकत असेल, तरी हे स्तब्ध. पोरं मुद्दाम छळायची. मार्कर रागवायला लागले की एखादा कारटा वाकून बुटाची नाडी बांधायला घ्यायचा. मार्कर थांबले. नाडी सुटली, पुन्हा बांधली. मार्कर थांबलेलेच. हॉल हसून लोळायचा.

"हसा रे हसा," ते शेवटी म्हणायचे. "तुमका नेम धरूक शांतता मिळाली, ती खंयसून मिळाली ता समाजतला एक दिवस."

आणि कुणी चुकीचं वागलं की एकच शब्द, "फाउल." आवाज न चढवता. आमच्या एका बैठकीत मी खोटं बोलले, की पोलिसांची परवानगी आलीय. ते "फाउल" म्हणाले आणि माझ्यासमोरचा चहाचा कप उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला, जसा फाउल झाल्यावर पांढरा बॉल उचलून समोरच्याच्या हातात देतात तसा. मी त्या दिवशी चहा प्यायले नाही.

प्रणाली त्यांच्याकडे आली ती आईबरोबर. आई हॉलमध्ये लादी पुसायला यायची. हॉल अकराला उघडायचा, साफसफाई नऊला. त्या दोन तासांत आई लादी पुसायची आणि मार्कर मुलीला नेम धरायला शिकवायचे. पहिले दोन महिने बॉल दिलाच नाही. सरबताची रिकामी बाटली आडवी ठेवायची आणि तिच्या तोंडात क्यूचं टोक न शिवता आत-बाहेर करायचं. तिची आई म्हणायची, "माय, हे काय खेळ हाये का शिक्षा हाये?" मार्कर उत्तर द्यायचे नाहीत. मुलगी नेम धरून असायची ना.

बक्षिसांच्या बाबतीत हा माणूस वेडा होता. दुसरा शब्द नाही.

उन्हाळ्यात मुलांची स्पर्धा घ्यायची ठरली की तो महिनाभर बक्षिसांच्याच मागे. सामने कसे लावायचे, पंच कोण, याची फिकीर नाही. बारा वर्षांखालच्यांना काय, सोळा-सतरापर्यंतच्यांना काय, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला काय. चषक पोरापेक्षा उंच नको म्हणून दुकानात फूटपट्टी घेऊन गेलेले. स्मार्टवॉच नको, इअरफोन नको, रोख रक्कम तर नकोच. "पैसे दिले की पोर जिंकत नाय, बापूस जिंकता." शेजारच्या एका पूल कॅफेने अठरा वर्षांखालच्या विजेत्याला हुक्क्याचं कूपन दिलं होतं, ते कूपन त्यांनी हॉलच्या भिंतीला चिकटवून ठेवलं होतं आणि खाली खडूने लिहिलं होतं, 'फाउल'.

मग द्यायचं काय? बारकी पोरं असतील तर चांगला खडू, टिप आणि ती घासायची पट्टी. मधल्यांना हातमोजा, किंवा टेबलाचे वीस तास, लेखी. पहिल्या फेरीत हरलेल्याला पुढच्या स्पर्धेत पहिला ब्रेक, म्हणजे मांडलेले बॉल फोडायचा फटका, मारायचा हक्क. हे बक्षीस कुणाच्या डोक्यात येईल सांगा मला. आणि सतरा वर्षांखालच्या विजेत्याला क्यू. स्वतःचा.

"ह्या घरी नेऊन काय करतला? कायच नाय. खेळतला. म्हणान ता बक्षीस," ते म्हणायचे. आणि मग ते वाक्य, जे मी त्यांच्या तोंडून निदान वीसदा ऐकलं आणि एकदाही नीट ऐकलं नाही: "कामाक येता ता बक्षीस न्हय गो. ती मदत. मदत करूची तर करा, पण जिंकलेल्याच्या हातात मदत देव नको."

एकदा मी वाद घातला. म्हटलं, "काका, आमच्या वस्तीतल्या पोरांना दप्तर नाही, चष्मा नाही. त्यांना क्यू देऊन काय उपयोग? तुम्ही जिमखान्याच्या डोक्याने बोलताय."

ते थोडा वेळ गप्प. मी काही नाजूक काम करत नव्हते, तरी गप्प. मग त्यांनी कुकरची गोष्ट सांगितली.

जिमखान्यात मेंबरांची वार्षिक स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी मार्कर लोकांची स्पर्धा व्हायची. मेंबरांच्या विजेत्याला चामड्याच्या पेटीत क्यू आणि चांदीचा पेला. मार्करांच्या विजेत्याला 'काहीतरी उपयोगाचं'. हे तीनदा जिंकले. पहिल्यांदा घोंगडी मिळाली, दुसऱ्यांदा छत्री. तिसऱ्यांदा अध्यक्ष चांगला माणूस होता, त्याने विचारलं, "बोल, तुला काय उपयोगी पडेल?" हे म्हणाले, "क्यू." अख्खी खोली हसली. अध्यक्षही हसला, मनापासून, प्रेमाने. पाठीवर थाप मारली आणि पाच लिटरचा प्रेशर कुकर दिला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बायको खूश. त्या कुकरातलो भात मी जन्मभर खाल्लो. एक दाणो कधी कच्चो रवलो नाय." ते टेबलावरचं कापड तळव्याने साफ करायला लागले. "कुकर वाईट असतो तर बरा झाला असता. शिव्या तरी घातलंय असतंय."

मी तेव्हा मान हलवली. समजलं असं वाटलं मला. काही समजलं नव्हतं.

गेल्या वर्षी स्पर्धा मोठी करायची ठरली आणि म्हणून भाऊ आले. भाऊंचं नाव लिहायची गरज नाही, तुमच्या चौकात जो हात जोडलेला फोटो आहे तो भाऊच समजा. 'भावी नगरसेवक.' भाऊंनी मंडप दिला, साउंड दिला, टी-शर्ट दिले, क्यूसुद्धा दिला. क्यू मार्करांनी स्वतः निवडला, दुकानात दोन तास सगळे गडगडवून. मॅपलच्या लाकडाचा, दोन तुकड्यांचा, सत्तावन्न इंची, ठेवायच्या काळ्या केससकट. भाऊ त्या वेळी खरंच उदार वाटले. मी भाषणात त्यांचं कौतुकही केलं.

पत्रक मी लिहिलं. पत्रकं लिहिणं हेच माझं शिक्षण. मैदानाचं पत्रक, पाण्याचं पत्रक, देवनारच्या कचऱ्याच्या धुराचं पत्रक. मला वाटायचं, दोनशे शब्दांत मी दगडालाही उठवून बसवीन. खाली शेवटच्या ओळीत लिहिलं: 'विजेत्यांना आकर्षक बक्षिसे!' सगळेच लिहितात. हात आपोआप जातो.

मार्करांनी कच्चं पत्रक बोट ठेवून वाचलं आणि बोट तिथेच थांबलं.

"आकर्षक म्हणजे किती इंच?"

"म्हणजे काय, काका?"

"क्यू सत्तावन्न इंच. आकर्षक किती?"

"काका, जागा नाहीये. भाऊंचे सात फोटो आहेत. आणि 'आकर्षक' म्हटलं की सगळं येतं त्यात."

"सगळा येता," ते म्हणाले. "म्हणानच सांगतंय. वस्तूचा नाव घाल."

मी "हो हो" म्हटलं आणि तसंच छापायला दिलं. पाच हजार प्रती. छापून आल्यावर त्यांनी एक प्रत घेतली, नीट चार घड्या करून निळ्या खिशात ठेवली आणि मला काही बोलले नाहीत. "फाउल"सुद्धा नाही.

त्यांची एक पद्धत होती. स्पर्धा सुरू होण्याआधी बक्षिसं एका साध्या टेबलावर हिरवं कापड अंथरून मांडायची आणि प्रत्येक पोराने येऊन त्यांना हात लावायचा. मग खेळायचं. त्या रविवारी सकाळीही क्यू मांडला होता. प्रणालीने तो जोडला, नेम धरल्यासारखी वाकली, परत सुटा केला. तिची आई म्हणाली, "हात पुसून लाव गं." चाळीसेक पोरांनी हात लावला. दुपारी भाऊंच्या स्टेजसाठी जागा हवी म्हणून ते टेबल हलवलं आणि बक्षिसं स्टेजच्या मागे गेली.

अंतिम सामना प्रणाली आणि टॉवरमधल्या एका मुलाचा. मुलगा चांगला, खेळायलाही आणि वागायलाही. पाच डाव जिंकेल तो विजेता. तीन-तीन झाले. मार्कर गुण सांगत होते, जो मारतोय त्याचा आकडा आधी, जिमखान्याच्या पद्धतीने, एका सुरात. चार-तीन. शेवटच्या डावात काळा बॉल, जो शेवटी पाडला की डाव जिंकतो, कुशनला चिकटलेला होता. प्रणालीने हॉलच्या त्या घासलेल्या, टोक चपटं झालेल्या क्यूला दोनदा खडू लावला आणि काळा कडेकडेने असा खिशात सोडला, की पडल्याचा आवाज आल्यावरच लोकांना कळलं. पाच-तीन. तिच्या आईने पदरात तोंड लपवलं. मार्करांनी हात पाठीमागून पुढे घेतले. गुण सांगताना त्यांचे हात पुढे आलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मग स्टेजच्या मागे हे संभाषण झालं. मी तिथेच होते, म्हणून जसंच्या तसं सांगते.

भाऊंचा माणूस: "कोण जिंकलं?"

मी: "प्रणाली."

तो: "पोरगी? अरे झकास! भाऊ, महिला दिनाचं एक मशीन राहिलंय ना टेम्पोत?"

भाऊ: "आहे ना. काढा. फोटो पण भारी येईल. क्यू त्या दुसऱ्याला द्या, मुलगा आहे, खेळेल."

एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम. कुणी वाईट हसलं नाही, कुणी शिवी दिली नाही. माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते: 'शिलाई मशीन क्यूपेक्षा महाग असेल. बरंय पोरीला.' हे माझ्या डोक्यात आलं. मी, जी बायकांच्या हक्कांवर पत्रकं लिहिते.

माइकवर पुकारा झाला. "विजेती कुमारी प्रणाली हिला भाऊंतर्फे महिला सक्षमीकरणासाठी शिलाई मशीन! आयुष्यभर उपयोगी पडणारी भेट! जोरदार टाळ्या!" दोघांनी मशीन उचलून स्टेजवर आणलं. प्रणाली इकडे तिकडे बघायला लागली. तिला वाटलं, मशीन दुसऱ्या कुणाचं आहे आणि आपलं मागून येतंय. मग तिच्या शेजारी उभ्या मुलाच्या हातात काळी केस गेली. मुलगाही गोंधळला. त्याने केस तिच्याकडे थोडी पुढे केली, तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "इकडे बघ, इकडे बघ."

"फाउल," मार्कर म्हणाले. या वेळी मोठ्याने. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. पण साउंडवाल्याने तोवर गाणं लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि मार्कर भाऊंच्या ऑफिसात गेलो. मार्करांनी खिशातली पत्रकाची घडी काढून टेबलावर सरळ केली. महिन्यानंतर जिल्ह्याची निवड चाचणी होती, तिथे स्वतःचा क्यू न्यायचा होता, नसेल त्याला क्लबचा मिळेल तो. त्यांना फक्त एवढंच सांगायचं होतं.

भाऊंच्या माणसाने पत्रक उचललं. "यात क्यू कुठे लिहिलाय, काका? 'आकर्षक बक्षिसे' लिहिलंय. मशीन आकर्षक नाही का?" आणि माझ्याकडे बघून, "ताईंनीच लिहिलंय ना हे? मस्त लिहिता हां तुम्ही."

माझी वाट लागली. 

भाऊ म्हणाले, "काका, तुम्ही वडीलधारे. तुम्हीच सांगा, काठी घेऊन पोरगी काय करणार? मशीनवर चार पैसे कमावेल. मी काय तिचं वाईट केलं?" आणि फायलींचा गठ्ठा ओढून सह्या करायला लागले.

मार्करांनी बोलायला सुरुवात केली होती. "भाऊ, तिणा..." एवढं म्हणाले आणि थांबले. भाऊ सही करत होते ना. पेन कागदावर टेकलेलं. मार्कर उभे राहिले, हात मागे, वाक्य तोंडात धरून. मी कोपराने ढोसलं, "बोला ना, काका." नाही. एक सही, दुसरी सही, पंधरा-वीस सह्या. शेवटची झाली तसे भाऊ पेनाला टोपण लावत उठले, "चला, उद्घाटन आहे," म्हणत निघूनही गेले. वाक्य तोंडातच राहिलं. खाली रस्त्यावर आल्यावर मार्कर म्हणाले, "सवय वाईट." मला रडू आलं, रागाने.

त्या मुलाच्या घरी जाऊन क्यू मागू या, असं मी म्हटलं. त्यांनी साफ नकार दिला. "पोराची चूक नाय. त्याच्या हातात दिलो, त्येचो झालो." मग ते स्वतःचा क्यू घेऊन हॉलवर आले. जिमखान्यातल्या कुणी मेंबराने टाकून दिलेला, त्यांनी अर्धं आयुष्य खपून नीट केलेला. सकाळी नऊ वाजता, आई लादी पुसत असताना, तो प्रणालीसमोर धरला.

तिने हात लावला नाही. "काका, हे बक्षीस नाही ना?"

ते अंगठ्याने क्यूवरचा खडू पुसायला लागले.

"ही मदत. तुम्हीच सांगता."

"होय," ते म्हणाले आणि क्यू परत फडक्यात गुंडाळायला लागले. त्यांना गाठ जमेना. तिने मारून दिली.

मी त्या पोरीवर ओरडले. "अगं घे ना, येडी! चाचणी आहे!" ती म्हणाली, "ताई, मी जिंकले होते." यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर मला कळवा.

हॉलचे क्यू बाहेर न्यायचे नाहीत, म्हणून चाचणीला ती तिथल्याच क्लबचा क्यू घेऊन खेळली. अनोळखी वजन, अनोळखी टोक. दुसऱ्या डावात टिप उडाली. बदलून दुसरा दिला, तो पहिल्यापेक्षा वाकडा. पाच-एक हरली. वीस मिनिटं लागली. मार्कर भिंतीशी उभे होते आणि त्या दिवशी गुण दुसरंच कुणी सांगत होतं.

मशीन मात्र चांगलं निघालं. हेच तर दुखणं. दहा बाय बाराच्या घरात, बुद्धाच्या फोटोखाली, जिथे प्रणाली अभ्यासाला बसायची तिथे ते मावलं. जूनमध्ये दाराबाहेर पुठ्ठा लागला, 'फॉल-पिको करून मिळेल.' तिची आई मला म्हणाली, "खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता त्या दिवशी. आता वाटतं, पोरीला इनाम भेटलं का पोरीला कामाला लावलं." हॉलची लादी ती अजून पुसते. मुलगी बरोबर येत नाही. शाळेतून आली की साड्या वाट बघत असतात.

पावसाळा संपल्यावर मार्कर डोंगरावर तिच्या घरी गेले. सोबत मी होते. पायऱ्यांवर तीनदा थांबले, दम लागला होता. ते दारात उभे, ती मशीनवर. त्यांनी सुरुवात केली, "प्रणाली, सकाळी एक तास तरी..." आणि थांबले, कारण ती साडीच्या काठावर सुई धरून होती. साडी पाच वारांच्या वर असते. ती थांबली नाही, यांनी वाक्य पुरं केलं नाही. काठ संपला तेव्हा तिने वर बघितलं. डोळे लाल.

"सरळ मारतस," ते म्हणाले. "टाको एकदम सरळ."

 उतरताना माझ्या खांद्याला धरून उतरले.

या फेब्रुवारीत ते महापालिकेच्या रुग्णालयात वारले. मूत्रपिंडाचं जुनं दुखणं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत मुलगा पनवेलहून आला होता. नर्स सलाइनची सुई लावायला आली की ते बोलायचे थांबायचे, एवढंच मला आठवतं. ते गेले त्या दिवशी प्रणालीने काम बंद ठेवलं. आम्ही स्मशानात मोजून नऊ माणसं होतो.

आता हे मी आज का लिहितेय ते सांगते. गेल्या आठवड्यात माझ्या दाराखालून एक पत्रक आत आलं. भाऊंचं. मार्करांचा फोटो, खाली खरं नाव, जे मला रुग्णालयाच्या कागदांवरून कळलं, तेही चुकीचं छापलेलं, वर 'स्मृती चषक, खुली बाल-युवा पूल स्पर्धा'. शेवटच्या ओळीत उद्गारचिन्हासकट: 'विजेत्यांना आकर्षक बक्षिसे!' ही ओळ माझी आहे. तीच उचललीय.

मुलुंड, भांडुप, घाटकोपरमधल्या आईवडिलांनो, हे पत्रक तुमच्याही दाराखालून आलं असेल. तुमच्या घरी दहा ते सतरामधलं पोर असेल आणि ते फॉर्म भर म्हणून मागे लागलं असेल. भरू नका. आधी नोंदणीच्या टेबलावर जा आणि तीन गोष्टी लेखी मागा. पहिल्या नंबराला कोणती वस्तू देणार, तिचं नाव. मुलगी जिंकली तरी तीच देणार का, हो की नाही. आणि गेल्या वर्षीच्या विजेतीचा क्यू तिला कधी देणार, तारीख. तिचं नाव प्रणाली. ते नाव मोठ्याने उच्चारा, मागे रांगेत उभ्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "बघू, भाऊंना विचारतो" असं उत्तर आलं, तर बाजूला होऊ नका. तिथेच उभे राहा, आणि सही मिळेपर्यंत तुमच्या पोराचं नाव लिहू देऊ नका.